आमची वाटचाल : गवतापेक्षा मातीशीच जास्त

आमचा धंदा लॉन घालण्याचा. पण अलीकडे बरेचसे फोन येतात ते दुसऱ्या कुणीतरी घातलेलं लॉन का मेलं, हे विचारायला. जाऊन बघावं तर गवताला स्वतःचा रोग क्वचितच असतो. घोळ असतो तो खालच्या चार-सहा इंचांत.

आमचं घराणं शेतीचं. बेळगावलगतच्या वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात भात, भात निघालं की मसूर, वाटाणा. मी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, नोकरीला होतो आणि सुटीच्या दिवशी ओळखीच्यांच्या बागा बघायचो. तेव्हा बेळगावात बंगला म्हटलं की समोर फुलझाडं, कडेला आंबा-फणस, परसात केळी. पुढच्या अंगणात हिरवं लॉन हवं, ही मागणी नव्या वसाहतींबरोबर आली. मग नोकरी सोडली, गवत कापायचं जुनं यंत्र घेतलं आणि सुरुवात केली. आज दुकानाच्या पाटीवर कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे कन्नड मोठं, हिशेबाची वही मराठीत, आणि मजुरांशी बोलणं दोन्हींची सरमिसळ करून. काम काही अडत नाही.

नव्या घरात पहिली अडचण राडारोड्याची. बांधकाम संपलं की विटांचे तुकडे, सिमेंटचा माल, फुटक्या टाइल्स तिथंच पसरायच्या, वर दोन इंच तांबडी माती टाकायची आणि त्यावर गवत अंथरायचं. पावसाळाभर ते झकास दिसतं. मार्च उजाडला की ठिकठिकाणी पिवळं पडतं, कारण मुळांना खाली जायला जागाच नसते. म्हणून आम्ही दर सांगण्याआधी चार ठिकाणी पहार मारून बघतो. खणखण वाजलं की आधी उकरायचा खर्च सांगायचा. हजार चौरस फुटांना चार इंच चांगली माती म्हणजे साधारण सव्वातीन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). हा आकडा ऐकून काही गिऱ्हाइकं परत फिरतात. फिरू देत.

दुसरी गोष्ट समजायला वेळ लागला. मेक्सिकन नावाच्या गवताच्या तयार चटया आपल्याकडे बऱ्याचदा पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या बाजूने येतात, आणि त्यांच्या मुळाशी काळी चिकण माती असते. बेळगावातल्या टिळकवाडी, हिंदवाडीकडची जमीन तांबडी, जांभ्याची. ती काळी चटई या मातीवर तशीच टाकली की दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत. पाणी काळ्या थरातच अडतं, मुळंही तिथंच घुटमळतात. वरून रोज पाइप धरला तरी खालची माती कोरडी ठणठणीत. यावर महागडं औषध लागत नाही. दाताळ्याने जागोजाग भोकं पाडायची, त्यांत वाळू आणि चाळलेलं कुजलेलं शेणखत झाडून भरायचं, आणि रोज शिंपडण्याऐवजी दिवसाआड पण भरपूर पाणी द्यायचं. वाळू मात्र नदीची किंवा धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू. काही जण फाउंड्रीची टाकाऊ वाळू फुकट मिळते म्हणून आणतात. साचा धरून राहावा म्हणून त्या वाळूत बेंटोनाइट घातलेलं असतं, म्हणजे चिकणमातीच. कुठे कुठे रेझिन, म्हणजे चिकटवणारं रसायनही असतं. भोकं मोकळी राहायची सोडून बुजतात. त्या वाळूत मी नोकरी केलीय, त्यामुळे या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घालत नाही.

गणपतीच्या सुमारास एका घरी बोलावलं होतं. अंगणात ताटाएवढे तपकिरी डाग. घरच्या अक्का म्हणाल्या, "शेजारचे म्हणाले युरिया मारा, तर दोनदा मारला की हो. वाढतच चाललंय." आमच्याबरोबरच्या मामांनी डागाच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढलं, तर पापुद्रा निघावा तसा अख्खा तुकडा हातात आला. खाली मूळ नावाला नाही, आणि मातीत पांढऱ्या, तांबूस डोक्याच्या, अर्धवर्तुळात वळलेल्या जाड अळ्या. हुमणी, मुळं खाणारी. ऊसवाल्यांना ती चांगलीच ठाऊक आहे, बंगल्यात मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. गवत ओढून निघालं तर हुमणी, नाही निघालं तर आधी पाण्याकडे बघा, ही आमची साधी परीक्षा. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे मातीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब-बाभळीवर जमतात. तेव्हाच फांद्या हलवून पाडायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. पुढे जून-जुलैत जमीन ओली असताना शेणखतात हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळून द्यायची. डाग दिसल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

लव्हाळ्याबद्दल थोडक्यात. तो मातीच्या ट्रॉलीतून येतो. नुसता वरून उपटला की खालच्या गाठींची माळ तुटते आणि झोपलेल्या गाठीही फुटतात. म्हणून लॉन घालण्याआधी एप्रिल-मेमध्ये मोकळ्या मातीला पाणी देऊन त्याला मुद्दाम उगवू द्यायचं, गाठींसकट खणून काढायचं, आणि हे पुन्हा करायचं. घरमालकाला हा महिना-दीड महिना फुकट गेल्यासारखा वाटतो. त्याची समजूत घालणं हाच आमच्या धंद्यातला सगळ्यात कठीण भाग.

काम वाढलं तसे जिल्हाभर फिरलो. कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस हटत नाही, तिथं पाणी निघून जायला उतार आणि चर आधी, गवत नंतर. अथणीकडे मुळात पाऊसच कमी, जमीन काळी, उन्हाळ्यात भेगा पडणारी, वर बोअरचं क्षारांचं पाणी. एकच जिल्हा, पण एकाच पद्धतीने दोन्हीकडे काम केलं तर दोन्हीकडे पैसे बुडाले म्हणून समजा.

हल्ली आम्ही लॉन लहान करायला सांगतो. हजार चौरस फुटांना उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरलं तरी साडेचारशे लिटरच्या वर पाणी लागतं, आणि नळाला रोज पाणी येत नाही. आंब्याखाली तर मेक्सिकन टिकतच नाही, त्याला दिवसाला पाच-सहा तास ऊन हवं. तिथं जांभ्याचे चिरे बसवतो, कडेने सावलीतली झाडं लावतो. परवा एका निवृत्त काकांनी अर्धं लॉन काढून तिथं अळू आणि हळद लावून घेतली. आमचं कापणीचं वार्षिक काम त्यामुळे निम्मं झालं, पण त्यांच्या गल्लीतली आणखी दोन घरं आता तसंच करा म्हणतायत.