मानमोडीच्या लशीची बॅच सुटेपर्यंत

गोळ्या-औषधांच्या चाचण्या सोडून मी जनावरांच्या लशींकडे आलो, तेव्हा काम साधारण तेच असेल असं वाटलं होतं. पहिलीच बॅच मानमोडीच्या, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या जिवंत लशीची निघाली. गोळीतलं औषध यंत्र मोजतं. कुपीतला विषाणू जिवंत किती, हे कळायला मात्र दुसरा जीव लागतो: ९ ते ११ दिवसांचं फलित अंडं, तेही ठरावीक रोगांपासून मुक्त ठेवलेल्या कळपातलं.

लस दहा-दहा पटींनी विरळ करत जायची, प्रत्येक पातळीला निदान पाच अंडी टोचायची, उबवणीत ठेवायची आणि रोज अंधारात दिव्यावर धरून बघायची. पहिल्या २४ तासांत भ्रूण मेला तर ते अंडं बाद. तो मृत्यू टोचण्याच्या इजेचा धरतात. शेवटी अंड्यातला द्रव कोंबडीच्या तांबड्या पेशींत मिसळायचा. विषाणू असला की पेशी जाळीसारख्या पसरतात, नसला की तळाशी ठिपका धरतात. शंका वाटली तर प्लेट तिरकी करायची. ठिपका ओघळला, म्हणजे विषाणू नाही. ही नजर यायला मला बराच काळ लागला.

आमच्या बॅचचा टायटर, म्हणजे जिवंत विषाणू किती हे सांगणारा आकडा, छान आला. पण पडताळ्यासाठी सोबत लावलेल्या, टायटर आधीच ठाऊक असलेल्या संदर्भ-लशीचा आकडा तिच्या मर्यादेबाहेर गेला आणि अख्खी चाचणी रद्द झाली. उत्पादनवाले वैतागले, "अहो, आमचा आकडा तर पास आहे!" आमच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तराजूच खोटा निघाला, तर वजन कसं मानायचं?" पुन्हा अंडी, पुन्हा उबवण. दुसऱ्या खेपेला दोन्ही आकडे जागेवर होते.

निर्जंतुकतेच्या चाचणीचे १४ दिवस कुणाच्या घाईने कमी होत नाहीत. मला सगळ्यात आवडली ती परक्या विषाणूंची चाचणी. लशीतला विषाणू आधी त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं असलेल्या सीरमने (रक्तद्रवाने) निकामी करायचा आणि मग ते मिश्रण अंड्यात किंवा पेशींत सोडायचं. त्यानंतर जे वाढेल ते आगंतुक. मात्र त्या सीरममध्ये इतर विषाणूंची प्रतिद्रव्यं असली तर आगंतुकही दबून जातो, म्हणून सीरमचीही आधी तपासणी.

मग फाइल. मूळ बीज-विषाणू, म्हणजे ज्यापासून लस वाढवतात तो साठा, त्याच्या किती पिढ्या झाल्या, अंड्यांच्या कळपाचे दाखले, लस गोठवून वाळवणाऱ्या फ्रीझ-ड्रायरचे तापमान-आलेख. नियामकाकडून एकच शंका आली: ओलावा तपासलेल्या कुप्या ड्रायरच्या कोणत्या फळीवरच्या? प्रश्न रास्त होता. कडेच्या आणि मधल्या कुप्या सारख्या वाळतीलच असं नाही, आणि ओलावा जास्त राहिला की साठवणीत टायटर लवकर घसरतो. नोंद होती, ती पाठवली.

बॅच सुटली. तिच्या राखून ठेवलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत आहेत. ठरल्या वेळी त्यांचा टायटर पुन्हा काढायचा आहे, कारण किमान आकडा मुदतीच्या शेवटच्या दिवशीही भरायला हवा.