चिखलावरचा धक्का

माझं लहानपण दिवाळे कोळीवाड्यातलं, त्यामुळे मला समुद्राआधी चिखल कळला. ओहोटी लागली की बेलापूरच्या खाडीत होड्या कुशीवर कलंडतात आणि भरती येईपर्यंत कुणी कुठे जात नाही. म्हणून गेल्या उन्हाळ्यात लेकीने मला इंग्लंडमधल्या साउथएंडचा लांब धक्का बघायला नेलं, तेव्हा सगळ्यात आधी हसू आलं. लंडनहून तासाभराची गाडी करून आलो आणि समोर काय, तर तोच करडा गाळ!

साउथएंड थेम्स नदीच्या मुखाशी आहे आणि तिथे ओहोटीचं पाणी दीड-दोन किलोमीटर मागे हटतं. लंडनची हौशी मंडळी बोटीने यायची, पण मोठी बोट किनाऱ्याला लागणार कशी? 1830 मध्ये साउथएंडला लाकडी धक्का बांधला, जेमतेम 600 फूट. तो चिखलातच संपत होता. मग वाढवत वाढवत 1846 पर्यंत 7,000 फुटांवर नेला. एवढं अंतर सामान घेऊन चालणार कोण, म्हणून लाकडी रुळांवर घोड्यांची गाडी आली. 1889 चा लोखंडी धक्का आणि त्यावरची विजेची रेल्वे पुढची. थोडक्यात, मौज म्हणून एवढा लांब बांधलेला नाही. चिखलाने लांब करायला लावला आणि लोकांना त्या लांबीचीच मौज वाटू लागली. आज 2.16 किलोमीटर, लोक मौजेने फिरायला जातात अशा धक्क्यांत जगात सगळ्यात लांब.

गुडघ्यांना न विचारता मी जाताना चालत गेले. अर्धा तास लागला. वारा असा की डोक्यावरची ओढणी दोनदा पळाली. टोकाला चहा प्यायलो (पाणचट, पण गरम), येताना मुकाट रेल्वेत बसलो.

या धक्क्याचं नशीब मात्र खडतर. 1976 मध्ये टोक जळलं. 1986 मध्ये नवी रेल्वे सुरू झाली आणि त्याच उन्हाळ्यात किंग्जअ‍ॅबी नावाचं जहाज धक्क्याला आरपार कापत गेलं. 2005 मध्ये टोकाला पुन्हा आग. दरवेळी परत उभा केला.

टोकावरून आईला व्हिडिओ कॉल लावला. भाऊचा धक्का पाहिलेली बाई ती. फोन फिरवून मी तिला रेल्वे दाखवली, कठडा दाखवला, गळ टाकून बसलेले दोघे म्हातारे दाखवले.

"एवढा मोठा धक्का," आई म्हणाली, "आन् म्हावरं कुठंय?"