डागासकट

रविवार, रात्री उशिरा

नारायण पेठेतल्या जुन्या घरातले फोटो आज बहुतेक स्कॅन करून झाले. संध्याकाळी भाचा आला होता. त्याने त्यातला एक मोबाइलवर घेतला, कुठल्याशा ॲपमध्ये टाकला आणि अर्ध्या मिनिटात आजीच्या पदरावरचा तपकिरी डाग गायब. शिवाय लुगडं हिरवंगार. "बघ मावशी, कसा चकाचक झाला!"

आत्या शेजारीच बसली होती. तिने चष्मा सारखा करून पाहिलं आणि विचारलं, "हा पानशेतनंतरचा का गं?"

तिचं म्हणणं बरोबरच होतं. आमच्याकडच्या फोटोंच्या मागे तारीख फारशी कोणी लिहिलेली नाही. डाग असेल तर १२ जुलै १९६१ च्या आधीचा, नसेल तर नंतरचा, एवढाच हिशोब. त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठांमध्ये मुठेचं पाणी शिरलं. फोटो ट्रंकेत होते, ट्रंक गाळात.

आत्या तेव्हा शाळेत होती. पर्वतीच्या बाजूला नातेवाइकांकडे आसरा घेतला होता, तिथल्या विहिरीवर आजीने भांडी धुतली, कपडे धुतले आणि त्याच ओघात फोटोही. चिकटलेले एकेक सुटे केले, पाण्यातून काढले, चटईवर तोंड वर करून वाळत घातले. आज फोटो जतन करणारे तज्ज्ञही साधारण हेच सांगतात. जुन्या कृष्णधवल फोटोत चांदीचे कण जिलेटिनच्या थरात असतात. हा थर भिजला की फुगतो आणि दोन फोटो एकमेकांना लागून वाळले तर ते सुटत नाहीत. आजीला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. सगळंच धुवायचं होतं, म्हणून हेही धुतलं. ट्रंकेच्या तळाशी राहून गेलेला एक गठ्ठा मात्र विटेसारखा घट्ट झालाय. त्याला हात लावायचा नाही असं मी ठरवलंय. वरचा तेवढा स्कॅन केला.

कृष्णधवल फोटोही मी रंगीत मोडवरच स्कॅन करते. ग्रेस्केलमध्ये गाळाचा तपकिरी डाग नुसता करडा होतो, सावली आणि डाग यांतला फरकच जातो. फोटो जेमतेम तीन बाय दोन इंचांचे, म्हणून १२०० डीपीआय, म्हणजे इंचाला १२०० ठिपके. टिफ फाइल एकेक सव्वीस एमबीच्या आसपास जाते. जाऊ दे. मागची बाजूही घेते, एखाद्यावर स्टुडिओचा शिक्का निघतो, एखाद्यावर पेन्सिलीने लिहिलेलं 'ठकी' एवढंच. (ही ठकी कोण, यावर आत्या आणि काकांचं आज फोनवर चांगलंच वाजलं. निकाल लागलेला नाही.)

तारखेची कटकट वेगळीच. मोबाइलला स्कॅनचाच दिवस कळतो, त्यामुळे आजी परवाच्या डोहाळजेवणाच्या फोटोंशेजारी येऊन बसते. तारीख बदलता येते, पण तिथे नेमका दिवस मागतात, 'पानशेतच्या आधी' असं कुठे भरता येत नाही. ते मी फाइलच्या नावात लिहितेय.

भाच्याला त्याची हिरव्या लुगड्याची प्रत ठेवू दिली, नावापुढे 'ॲपने रंगवलेली' असं लिहायला लावून. तो कुरकुरला. पण ते लुगडं हिरवं होतं हे त्या ॲपला कोणी सांगितलं? आत्याच्या मते ते अंजिरी होतं. मूळ स्कॅनला मात्र काही करायचं नाही, उजेडसुद्धा वाढवायचा नाही.

ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो अजून तसेच आहेत, चिकट पानांच्या अल्बममध्ये लालसर पडत चाललेले. आधी तेच घ्यायला हवे होते खरं तर, कृष्णधवल त्यांच्यापेक्षा टिकतात. ते पुढच्या आठवड्यात.

एक हार्ड डिस्क माझ्याकडे, एक प्रत क्लाउडवर, आणि दुसरी डिस्क बहिणीकडे नागपूरला पाठवतेय. भाचा म्हणाला, क्लाउडवर आहे ना, मग नागपूरला कशाला? आत्या म्हणाली, "पाठव. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे."