सोळा गुणांचा कागद

आईला भोरकडच्या गावाहून पुण्याला तपासायला आणलं, त्याला वर्ष होत आलं. तरी फाईल उघडली की स्मरणशक्तीच्या चाचणीचा ‘16/30’ लिहिलेला तो कागद वर येतो आणि माझं डोकं फिरतं.

आई 71 वर्षांची. वडील गेल्यावर ती गप्प झाली. भाजीत मीठ दोनदा, नाहीतर मुळीच नाही. सगळे म्हणाले, वय झालं. मीही तेच म्हणत होतो. केसपेपर, रक्त, डोक्याचा स्कॅन, सगळं दोन दिवसांत उरकलं. अडलो ते स्मरणशक्तीच्या चाचणीपाशी.

सकाळी नऊचा नंबर, आत घेतलं दीडला. आईचा उपास, पोटात फक्त चहा. टेबलामागच्या मुलीने मान वर न करता विचारलं, “आजी, आज तारीख काय?”

“आखाडातली दुसरी एकादस. उपास हाय माझा.”

शून्य. साल? शून्य. महिना तर तिने सांगितला होता, तोही शून्य! मग शंभरातून सात वजा करत जा. आई माझ्याकडे बघत राहिली. त्याच सकाळी स्वारगेटला उतरताना तिने कंडक्टरकडून अर्ध्या तिकिटाचे राहिलेले सुटे पैसे मोजून घेतले होते. पुढे ‘डोळे मिटा’ असं लिहिलेला कागद वाचा, एक वाक्य लिहा, दोन पंचकोन काढा. आईने जन्मात पेन धरलेलं नाही. मी म्हणालो, “मॅडम, ती शाळेत गेलेली नाही.” उत्तर आलं, “मध्ये बोलू नका, फॉर्म सगळ्यांना सारखाच आहे.” नंतर घरी हिशोब केला: तारीख, वजाबाकी, वाचन, लेखन, चित्र, नुसते तिथेच अकरा गुण गेले. 24 च्या खाली म्हणजे स्मृतिभ्रंशाचा संशय, एवढं सांगून तीन महिन्यांनी या म्हणाले.

तुम्ही जाणार असाल तर डबा न्या आणि सकाळचीच वेळ मागा. त्याआधी कान तपासून घ्या. आईच्या उजव्या कानात मळाचा गोळा होता, निम्मे प्रश्न तिला ऐकूच गेले नव्हते.

हे कळलं दुसऱ्या डॉक्टरांकडे. त्यांनी सांगितलं, मूळ चाचणी 1975 सालची, अमेरिकेतली. न शिकलेल्या खेड्यातल्या माणसांसाठी हरियाणातल्या बल्लभगढला तिची हिंदी आवृत्ती केलेली आहे. तिच्यात वजाबाकीऐवजी वार उलटे म्हणायचे, आणि वाचायच्या जागी ‘मी करतो तसं करा’ म्हणून डॉक्टर स्वतः डोळे मिटतात. आईने रविवारपासून सोमवारपर्यंत धडाधड म्हटलं. मग त्यांनी झोप, भूक, रडू यांचं विचारलं. वडिलांचा विषय निघाला आणि आई अर्धा तास बोलली. तेवढं वर्षभरात माझ्याशी बोलली नव्हती. निदान निघालं नैराश्य, शिवाय बी-12 कमी. म्हातारपणी नैराश्यातही विसरायला होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्यावर तीन आठवडे फरक शून्य. मी त्या बंदच करणार होतो. पाचव्या आठवड्यात आईचा फोन आला: “खताची गोणी कितीला आणलीस? फसवलं तुला.”

घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, झोपेच्या आणि सर्दीच्यासुद्धा. काहींनी म्हाताऱ्यांना भ्रम होतो. गावाहून निघण्याआधी 14416 वर फोन करा, टेली-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीत बोलतात. आणि केसपेपरवर ‘शाळेत गेलेली नाही’ हे आपल्यासमोर लिहून घ्या. मी पहिल्या ठिकाणी तो कागद दुरुस्त करायला परत गेलो होतो. “नोंद झाली ती झाली,” म्हणाले.