चपटा नर

ऑक्टोबर महिना, कपाशीची पहिली वेचणी चाललेली. साक्री तालुक्यातल्या एका गोठ्यात मी आणि माझा सहकारी सकाळी सातपासून गाईंच्या अंगावरच्या गोचिड्या काढत होतो. गोचिडीत रोगाचे जंतू आहेत की नाहीत, हे गोठ्यातच तासाभरात सांगणारी चाचणी आम्ही तयार करतोय. प्रयोगशाळेत ती चालली होती. गोठ्यात तिचा पहिलाच दिवस.

आम्ही शोधत होतो ॲनाप्लाझ्मा मार्जिनेल. हा जंतू गाईच्या तांबड्या पेशीच्या काठावर बसतो, म्हणून नाव मार्जिनेल. अरनॉल्ड थायलर यांनी 1910 मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याचं वर्णन केलं. थायलेरिया या गोचिडीतून पसरणाऱ्या दुसऱ्या जंतूचं नावही त्यांच्याच आडनावावरून आलंय. गोठ्यात या दोघांचाच घोळ होतो. दोन्हीत गाय तापते, डोळे पांढरे पडतात, दूध आटतं. थायलेरियात खांद्यापुढची गाठ सुजते, बबेसिया या तिसऱ्या गोचिडी-रोगात लघवी लाल-कॉफीसारखी होते, पण सुरुवातीला सगळं इतकं स्पष्ट दिसतंच असं नाही. औषधं मात्र वेगळी. ॲनाप्लाझ्मा हा जिवाणू, त्याला ऑक्सिटेट्रासायक्लिन चालतं. थायलेरियाला त्याचा उपयोग नाही, तिथे बुपार्वाक्वोन लागतं आणि ते महाग आहे. रक्ताची काच तालुक्याला पाठवून रिपोर्ट येईपर्यंत गाय आडवी होते. हे मी लहानपणापासून आमच्याच गोठ्यात पाहिलंय.

आमची चाचणी लॅम्प पद्धतीची. ही पद्धत जपानमध्ये 2000 साली निघाली. महागडं यंत्र लागत नाही, नळी 65 अंशांच्या गरम पाण्यात ठेवायची, बस्स. जंतूचा डीएनए असला तर त्याच्या प्रती तयार होतात, द्रावण आंबट होतं आणि त्यातलं फिनॉल रेड हे रंगद्रव्य गुलाबीचं पिवळं होतं.

पण त्या दिवशी नळ्या ना गुलाबी राहिल्या, ना पिवळ्या झाल्या. सगळ्या तपकिरी. आम्ही कासेवरच्या, रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढ्या फुगलेल्या माद्या वेचल्या होत्या. सहज हाताला लागतात म्हणून. एक चिरडली की नळीभर काळपट रक्त, त्यात रंग कुठला दिसणार? पातळ केलं तर जंतूचा अंशही कमी होतो. दोन तास, अर्धा थर्मास बर्फ आणि तीन पट्ट्या नळ्या वाया गेल्या. मला रडू यायचं बाकी होतं.

गोठ्याच्या मालकीण आक्का धार काढून मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली डबी घेतली, एक फुगलेली मादी तळहातावर ठेवली, मग गाईच्या गळ्याला लोंबणाऱ्या पोळीखाली बोट घालून तिळाएवढं काहीतरी काढून दाखवलं.

"हाई फुगेल उद्या पडी जाई. हाऊ चपटा पडत नही. हाई गाय सोडीसन दुसरीवर जास."

तो नर होता. मादीच्या पोटाखाली चिकटलेला, कागदासारखा पातळ. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं! मादी पोट भरलं की गळून पडते, अंडी घालते आणि मरते. नर मात्र थोडंथोडं रक्त पीत आठवडेच्या आठवडे राहतो, शेजारच्या गाईवर जातो आणि जंतूही सोबत नेतो. फुगलेल्या मादीच्या पोटात असतं ते बहुतेक त्या गाईचंच रक्त. म्हणजे सकाळपासून आम्ही गोचिडीच्या नावाने गायच तपासत होतो. नरात रक्त कमी, म्हणजे रंगही दिसणार.

आक्कांनी पोळीखालून, शेपटीच्या बुडाशी बोटं फिरवून सहा नर काढून दिले. मला त्यातला एकही सापडला नसता. त्यांचा हात गाईच्या अंगावरून नुसता सरकायचा आणि मध्येच थांबायचा.

चाळीस मिनिटांनी गरम पाण्याच्या भांड्याचं झाकण उघडलं. जंतू नसलेली नळी गुलाबी, जंतूचा डीएनए मुद्दाम घातलेली खात्रीची नळी पिवळी, आणि आमच्या सहापैकी चार पिवळ्या. लिंबाच्या सालीसारखा स्वच्छ पिवळा.

"मंग सांग ना ताई, मनी गायले काय व्हयनं?"

आक्कांची एक गाय आजारी होती, म्हणून त्या विचारत होत्या. इथे मी गप्प झाले. गोचिडीत जंतू आहे, म्हणजे गाईला तोच रोग आहे असं म्हणता येत नाही. शिवाय आमची चाचणी अजून तपासून पूर्ण व्हायचीय. मी तेवढंच सांगितलं, आणि डॉक्टरांना फोन लावून रक्ताची काच लगेच पाठवली. रात्री उशिरा कळलं, तांबड्या पेशींच्या काठावर ठिपके आहेत. ऑक्सिटेट्रासायक्लिन सुरू झालं. मी आक्कांना आणखी एक विनवलं, सगळ्या गाईंना एकाच सुईने इंजेक्शन देऊ देऊ नका. तोही या जंतूचा रस्ता आहे.

चौथ्या दिवशी गाय गव्हाणीशी उभी राहिली. दूध अजून निम्मंच आहे.

कामाच्या पानावर आता पहिलं वाक्य आहे: आधी चपटे नर काढा. अडचण बर्फाची उरलीय. आमचं मिश्रण थंड ठेवावं लागतं, आणि मे महिन्यात सातपुड्याच्या पाड्यांवर दुपारी बर्फ कुठून आणणार? सध्या ते वाळवून पावडर करण्याच्या मागे आहोत. पहिली खेप ओलसर राहिली, दुसरी उद्या काढायची आहे.