आमची वाटचाल: क्रोमचं पाणी, बगॅस आणि द्राक्षकाड्या

नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या प्लेटिंग (धातूवर मुलामा चढवणाऱ्या) कारखान्यांत क्रोम चढवलेला माल धुतला की पिवळं पाणी निघतं. हा पिवळेपणा क्रोम-सहाचा, म्हणजे क्रोमियमच्या विषारी, पाण्यात विरघळणाऱ्या रूपाचा. नेहमीच्या रीतीत आम्लाने पीएच २ ते ३ वर आणतात, सोडियम मेटाबायसल्फाइटने त्याचा क्रोम-तीन (कमी विषारी रूप) करतात आणि चुन्याने गाळ बसवतात. रीत खात्रीची, पण रसायनांचा खर्च रोजचा आणि पाण्यातले क्षारही वाढतात. मधलं काम, म्हणजे क्रोम-सहाचा क्रोम-तीन करणं, जिवाणूंकडून करून घ्यायचं, यावर आमचा धंदा उभा आहे.

जिवाणूंना घर म्हणून पहिल्यांदा नुसतं बगॅस (उसाचा चोथा) वापरलं. ते मऊ पडून दबतं आणि टाकी तुंबते. म्हणून आता दोन भाग द्राक्षाची काडी आणि एक भाग बगॅस. काडी सांगाडा धरते, बगॅसवर जिवाणूंचा थर लवकर चढतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी मुबलक मिळते, मात्र ती तशीच वापरता येत नाही. बागेवर फवारलेल्या बोर्डो मिश्रणाचं (मोरचूद आणि चुन्याचं) तांबं सालीवर बसलेलं असतं आणि तांबं जिवाणूंना मारतं. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून सौम्य आम्लाच्या पाण्यात रात्रभर ठेवतो, साध्या पाण्याने धुतो, मग तपकिरी रंग सुटायचा थांबेपर्यंत गरम पाण्यात उकळतो. हा रंग राहिला तर शेवटच्या पाण्याचा सीओडी (सेंद्रिय प्रदूषणाचं माप) वाढतो.

काडी-बगॅसचं हे भरण टाकीत जाळीच्या पिशव्यांत असतं. पाणी खालून वर चढतं, पीएच ७ ते ७.५. जिवाणूंना खाद्य म्हणून मळी (साखर कारखान्यातलं मोलॅसिस), सोबत थोडा युरिया आणि डीएपी खत. इथे हवा सोडायची नाही. ऑक्सिजन मिळाला तर जिवाणू आधी तोच वापरतात आणि क्रोम तसाच राहतो. पुढच्या टाकीत चुन्याने पीएच ८.५ केला की हिरवट-करडा गाळ बसतो. त्यानंतर हवेची टाकी, म्हणजे उरलेली मळी संपते. तपासायला नमुन्यात आम्ल आणि डायफिनाइल कार्बाझाइड घालतो. जांभळा रंग आला तर क्रोम-सहा शिल्लक आहे. मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम.

हे फक्त धुण्याच्या पाण्यासाठी. जुना बाथ (क्रोम चढवायच्या टाकीतलं दाट द्रावण) त्यात ओतला की जिवाणूंचं काम बंद पडतं: लिटरला २५० ग्रॅम क्रोमिक आम्लाच्या बाथमध्ये लिटरला १३० ग्रॅम क्रोम असतो, एक लिटर दोन हजार लिटरच्या टाकीत पडला तरी ६५ मिलिग्रॅम प्रतिलिटरची भर. म्हणून बाथची नळी वेगळीच टाकायला लावतो. सायनाइडच्या लाइनचं पाणीही वेगळंच. नाशिकची थंडी दहा अंशांखाली गेली की काम मंदावतं, तेव्हा पाण्याचा वेग निम्मा करतो किंवा टाकीला गरम पाण्याची कॉइल देतो.

जुनं भरण कधीही जाळू नका. जळताना क्रोम-तीनचा पुन्हा क्रोम-सहा होऊ शकतो. शेतात किंवा खतातही नको. ते गाळासोबत घातक कचरा म्हणून अधिकृत केंद्रातच जायला हवं, त्यामुळे भरण बदलणं आणि त्याची कागदपत्रं आम्ही वार्षिक करारातच धरतो.