आमची वाटचाल : शेतनिवास, खरे काम आणि एक हिरावलेला हंगाम

आमच्या शेतावर मूल राहायला आले की पहिल्या संध्याकाळी त्याला काहीही विचारायचे नाही, हा नियम काम सुरू झाले तेव्हापासून आजवर मोडलेला नाही. बालगृहातून, निवाऱ्यातून किंवा विस्कटलेल्या घरातून आलेल्या मुलाने आपली हकिगत तोवर समुपदेशकांना, न्यायालयाला आणि निरनिराळ्या संस्थांच्या अधिकाऱ्यांना इतक्या वेळा सांगितलेली असते की आणखी एका अनोळखी माणसाने वही उघडली की ते मिटून जाते. म्हणून आम्ही त्याला मापाचे गमबूट देतो आणि वैरण टाकण्याची वेळ झालेलीच असते तेव्हा सरळ गोठ्यात घेऊन जातो. जनावरांना भूक लागलेली असते. वैरण घेऊन आलेला मुलगा कोण, कुठला, त्याने पूर्वी काय केले, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. आमचा सगळा व्यवसाय एका गोष्टीवर उभा आहे : मुलाला दिलेले काम खरे असले पाहिजे, म्हणजे त्याने ते केले नाही तर कोणीतरी उपाशी राहील, कोणीतरी ओल्यात उभे राहील, असे ते असले पाहिजे.

शेत माझे असले तरी हा विचार माझ्या भागीदारबाईंचा. त्या बालमानसतज्ज्ञ, वर्षानुवर्षे संस्थांमधून काम केल्यावर त्यांचे मत असे झाले होते की टेबलाच्या पलीकडे बसवलेले मूल बोलत नाही, कारण समोरच्याची नजर त्याला झेपत नाही. गाईला खरारा करताना मोठे माणूस आणि मूल दोघेही गाईकडे पाहत असतात. हात चालू असतो, बोलायचे नसेल तर न बोलण्यालाही निमित्त असते, आणि बोलायचे झाले तर ते गाईच्या पाठीला उद्देशून बोलता येते. मी आयुष्यभर जनावरे सांभाळली होती, पण ही गोष्ट माझ्या लक्षात त्यांनी आणून दिली.

सुरुवातीला आम्ही ज्या ज्या कार्यालयात गेलो तेथे हे नवे खूळ आहे, असे ऐकून घ्यावे लागले. अशा वेळी भागीदारबाई आवाज न चढवता इतिहास सांगत. बेल्जियममधील गेल या गावात मनोरुग्णांना शेतकरी कुटुंबांनी आपल्या घरी ठेवून घेण्याची रीत मध्ययुगापासून चालत आलेली आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ट्यूक यांनी 1796 साली यॉर्क येथे मनोरुग्णांसाठी आश्रम उघडला, तेव्हा साखळदंडांऐवजी काम आणि मोकळी हवा दिली गेली, आणि त्याच्या अंगणात ससे व कोंबड्या मुद्दाम पाळल्या जात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ब्रूस्टर येथे ग्रीन चिमनीज ही संस्था 1947 साली एका दुग्धशेतावर सुरू झाली आणि पुढे भावनिक अडचणी असलेल्या मुलांसाठी ती नावारूपाला आली. क्लेअर आणि मायकल मॉर्पर्गो या दांपत्याने 1976 साली डेव्हनमध्ये शहरी मुलांसाठी शेतनिवास सुरू केला, तेथेही मुले पाहुणी म्हणून नव्हे, तर शेतावरची माणसे म्हणून आठवडाभर राबत. नेदरलँड्समध्ये तर अशी केअर फार्म, म्हणजे गरजू माणसांना शेतकामातून आधार देणारी शेते, हजाराहून अधिक आहेत. एवढे ऐकल्यावरही समोरचा अधिकारी लाभार्थी किती, हेच विचारी, आणि पुढे आमच्यावर जे संकट आले त्याचे मूळ याच प्रश्नात होते.

अवजारांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण या धंद्यात नव्याने येणारे सर्वांत जास्त येथेच चुकतात. मुलांसाठी खेळण्यातली फावडी आणि रंगीत बादल्या विकत घेऊ नयेत. मुलाला ते लगेच कळते, आणि आपल्याला दिलेले काम लुटुपुटीचे आहे हेही कळते. दांडा आखूड केलेले खरे फावडे, पाते नीट बसवलेले खुरपे, एका चाकाऐवजी दोन चाकांची ढकलगाडी (एका चाकाची गाडी दहा वर्षांच्या मुलाच्या हातून हमखास कलंडते आणि ते मूल पुन्हा तिला हात लावत नाही), आणि प्रत्येकाचा स्वतःचा खरारा, एवढे पुरे. खरारा रबरी दातांचा घ्यावा. लोखंडी दातांचा पाठीच्या कण्यावर आणि नितंबाच्या हाडांवर लागतो आणि जनावर अंग चोरते. गाईच्या गळ्याखाली, लोंबत्या कातड्याच्या पोळीच्या वरच्या बाजूला बेताच्या जोराने घासले तर ती मान लांब करते आणि डोळे अर्धवट मिटते. जोर जास्त झाला तर बाजूला सरकते. घरी मार खाऊन वाढलेल्या मुलाला आपल्या हाताचा जोर कमी-जास्त करता येतो, आणि समोरच्याला तो कसा लागतो हे लगेच कळते, हा धडा आमच्यापैकी कोणीही तोंडाने शिकवू शकला नसता. आमची म्हातारी तांबडी गाय या कामात सर्वांत तरबेज होती. ती कधी लाथ मारत नसे. न आवडले की फक्त एक पाऊल पुढे जाऊन उभी राही, आणि मूल पुन्हा तिच्याजवळ जाई.

जनावराजवळ कसे जायचे, हे मात्र आम्ही पहिल्याच सकाळी शिकवतो. गाईला दोन्ही बाजूंचे भरपूर दिसते, पण बरोबर मागचे दिसत नाही, म्हणून मागून जायचे नाही, खांद्याच्या बाजूने जायचे, आणि जाताना आवाज द्यायचा. अचानक मागून कोणी आले की दचकणारी मुले आमच्याकडे पुष्कळ येतात. त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

मधली वर्षे नीट गेली. गट येत राहिले, वासरे झाली, छप्पर बदलले, एक मोठी संस्था बहुतेक मुलांच्या निवासाचा खर्च उचलू लागली आणि आम्ही रात्रपाळीला दोन माणसे ठेवली. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

मग आमच्याकडे दोन हंगाम व्यवस्थापक म्हणून राहिलेल्या गृहस्थांनी नोकरी सोडली आणि रस्त्यापलीकडे स्वतःचे केंद्र उघडले. धंदा कोणीही करावा, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांनी आमचा प्रवेशअर्ज अक्षरशः उचलला. भागीदारबाईंनी तो अर्ज कितीतरी मुलांशी बोलून, एकेक प्रश्न गाळून, बसवला होता. त्यात शेवटी एक प्रश्न होता, ‘तांबडीजवळ जायची भीती वाटते का?’ तोही त्यांच्या अर्जात तसाच छापलेला होता, आणि त्यांच्याकडे गायच नव्हती. ससे होते, दोन तट्टे होती, फोटो काढायला रंगवलेली गाडी होती. सकाळी बस भरून मुले येत, सशांना मांडीवर घेत, तट्टावरून एक फेरी मारत आणि संध्याकाळी परत जात. आम्ही ज्या कामाला एक आठवडा घेतो तेच काम एका दिवसात आणि प्रत्येक मुलामागे कितीतरी कमी खर्चात होते, असे त्यांनी त्या मोठ्या संस्थेला कागदावर दाखवले, आणि लाभार्थींची संख्या पाहणाऱ्या माणसांना ते पटले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. आमच्याकडे मुलांच्या हाती विळे देतात, अशी कुजबुज त्यांनी सुरू केली. विळा आम्ही मोठ्या मुलांनाच देतो, गुडघा टेकवून, डाव्या हाताची मूठ पात्याच्या वर धरायला शिकवून, आणि एका माणसाच्या देखरेखीखाली एकच मूल असताना देतो. हे त्यांना ठाऊक होते, कारण त्या नियमावलीवर त्यांचीच सही होती.

त्या मोठ्या संस्थेशी असलेला आमचा करार गेला. ज्या हंगामात शेत मुलांनी भरलेले असायचे त्या हंगामात वसतिगृहाच्या खाटा रिकाम्या राहिल्या. जनावरे मात्र रिकामी राहत नाहीत. वैरण तेवढीच लागते, धार दोन वेळा काढावीच लागते, आणि कास दुखरी झाली तर पशुवैद्याला बोलवावेच लागते. मी रात्रपाळीच्या माणसांना निरोप दिला. दोन कालवडी विकल्या, त्यांतली एक अशी होती की तिला मुलांनी बाटलीने वाढवले होते. भागीदारबाईंनी त्या काळात मानधन घेतले नाही आणि स्वतःची बचत छपराच्या कर्जाच्या हप्त्यांत घातली. त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, म्हणून मी येथे लिहितो.

त्या हंगामात आमच्याकडे नियमाने एकाच बालगृहाची मुले आली. तेथील अधीक्षिकाबाई अगदी पहिल्या वर्षापासूनच्या. मुलांबरोबर स्वतः येत, त्यांच्याच खोलीत झोपत, पहाटे स्वतः धारेला बसत. खर्च उचलणाऱ्या संस्थेने त्यांना नव्या केंद्राकडे जा असे सुचवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मुले मोजायची असतील तर आमच्या हजेरीपटावर मोजा. शेतावर मी त्यांना झोप लागते का ते पाहायला पाठवते.” त्यांनी आपल्या गृहाच्या इतर खर्चातून पैसे काढून निम्म्याच मुलांना पाठवले, पण पाठवले पूर्ण आठवडाभरासाठी. त्यांच्याजवळ एक साधी वही असे. प्रत्येक मुलाची झोप, जेवण आणि भांडण, एवढ्या तीनच गोष्टी त्या टिपत. शेतावर येण्याआधी, शेतावर असताना, आणि परत गेल्यावर पुढचे कित्येक महिने.

ही वहीच शेवटी कामी आली. कराराच्या नूतनीकरणाच्या बैठकीत त्या केंद्राने निरोपाच्या वेळी भरून घेतलेली हसऱ्या चेहऱ्यांची पत्रके मांडली. अधीक्षिकाबाईंनी वही पुढे ठेवली, आणि भागीदारबाईंनी नॉर्वेतील एका चाचणीचा दाखला दिला. त्या चाचणीत मानसिक विकार असलेल्या 90 प्रौढांपैकी एका गटाने 12 आठवडे, आठवड्यातून दोनदा, शेतावर जनावरांबरोबर काम केले होते. बारा आठवड्यांच्या अखेरीस त्यांच्यात फारसा फरक दिसला नाही. सहा महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा मात्र, आपण काही करू शकतो हा त्यांचा स्वतःबद्दलचा विश्वास वाढलेला आढळला. ती प्रौढ माणसे होती आणि आमची मुले आहेत, हा फरक भागीदारबाईंनी स्वतःच सांगितला. पण निरोपाच्या बसमध्ये बसताना मूल हसते की नाही यावरून कामाची किंमत करता येत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसत होते, आणि अधीक्षिकाबाईंच्या वहीतही नेमके तेच होते : शेतावरच्या पहिल्या रात्री बहुतेक मुले जागी, तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून झोप, आणि भांडणे कमी झालेली दिसली ती परत गेल्यानंतर.

करार आम्हाला परत मिळाला, पूर्ण नाही, पण शेत चालेल इतका. समोरचे केंद्र आता सहलीचे ठिकाण म्हणून चालते. आमच्या अर्जाबद्दल त्या गृहस्थांनी आजवर एक शब्द काढलेला नाही, आणि तो अर्ज आजही काही ठिकाणी त्यांच्या नावाने फिरतो आहे.

नव्याने हे काम करू पाहणाऱ्यांना माझे सांगणे आहे की नाव, फलक आणि छायाचित्रे यांच्या आधी हात धुण्याची जागा बांधा. गोठ्यातून बाहेर पडणाऱ्या वाटेवरच, मुलाच्या उंचीला, वाहते पाणी आणि साबण हवा. जंतुनाशक जेलवर भिस्त ठेवू नये, कारण वासरांच्या हगवणीतून येणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी अल्कोहोलने मरत नाही. हगवण लागलेले वासरू आणि अंगावर गजकर्णाचे चट्टे असलेले जनावर मुलांपासून वेगळे ठेवा. धनुर्वाताची लस झाली आहे का, ते अर्जातच विचारा. गरोदर कर्मचारी बाईंना शेळ्या-मेंढ्यांच्या विण्याच्या दिवसांत गोठ्यात पाठवू नका. आणि करडाला बाटलीने दूध पाजताना बाटली उंच धरा, म्हणजे ते मान वर ताणून पिईल आणि दूध पहिल्या पोटात न साचता थेट पचनाच्या पोटात उतरेल. खाली मान घालून पाजलेले करडू फुगते. ही शेवटची गोष्ट मला एका नव्या मदतनिसाला सांगावी लागली नाही. आमच्याकडे दुसऱ्यांदा आलेला एक मुलगा, जो पहिल्या खेपेला एक शब्दही बोलला नव्हता, त्याने मदतनिसाच्या हाताला धरून बाटली वर केली आणि “असं” एवढेच म्हणाला.

अधीक्षिकाबाई निवृत्त झाल्या, पण त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी वही पुढे चालू ठेवली आहे. सात रात्रींपेक्षा कमी मुक्कामाचा गट आम्ही आता घेत नाही, मग तो कितीही मोठा असो. येत्या हंगामात दोन गाई व्यायच्या आहेत. त्या आठवड्याला मोठ्या मुलांचा गट घेतला आहे, कारण व्यायच्या वेळची रात्रभराची जाग त्यांना झेपते, आणि चीक पाजण्याचे काम पहिल्या काही तासांतच व्हावे लागते.